हळू चालणाऱ्या होडीसाठी मोटर कशी निवडावी?

चारबाग स्थानकापासून गोमती चार-पाच किलोमीटरवर आहे, समुद्र मात्र शेकडो कोस दूर. तरीही या मासिकाच्या मराठी पानाच्या वाचकांचा होडीशी संबंध येतोच. काही कॅडेट सुट्टीत पुष्पक एक्स्प्रेसने मुंबईला आणि तिथून पुढे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला आपल्या घरी जातात. काहींच्या घरी होडी आहे, काहींच्या घरी ती घ्यायची बोलणी चालू आहेत. शिवाय जे पुढे सैन्यात जातील, त्यांना पुराच्या पाण्यात बोट घेऊन उतरण्याचा प्रसंग कधी ना कधी येणारच. सैन्यात होडीच्या मागे लावायच्या या मोटरला 'ओबीएम' म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. ती कशी निवडावी, हा या लेखाचा विषय आहे.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "ही किती जोरात पळते?" हळू ओढीच्या मासेमारीसाठी हा प्रश्न उलटा विचारावा लागतो. ही मोटर किती हळू चालते, किती तास तशी चालते, आणि वारा फिरला तर घरी आणते का? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड जवळजवळ झालीच.

ट्रोलिंग म्हणजे काय?

आधी एक गोंधळ दूर करू. ट्रॉलर हा शब्द सर्वांच्या ओळखीचा आहे. ट्रॉलर समुद्रतळावरून किंवा पाण्याच्या मधल्या थरातून मोठे जाळे ओढत नेतो. ट्रोलिंग वेगळे. यात चालत्या होडीच्या मागे एक-दोन दोऱ्या सोडतात, त्यांच्या टोकाला गरी असते आणि गरीला बांगडा, तारली असे आमिष किंवा चकाकणारा खोटा मासा लावलेला असतो. होडी पुढे जाते तसे आमिष पोहणाऱ्या माशासारखे मागून येते आणि सुरमईसारखा शिकारी मासा त्यावर झडप घालतो. कोकणात गरीने मासे धरण्याला 'गरवणे' म्हणतात. ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीतून गरवणेच.

आमिष जिवंत असेल तर होडी फार हळू हवी, ताशी साधारण 3 ते 5 किलोमीटर. म्हणजे माणसाच्या चालण्याइतकीच. वेग वाढला की आमिष पाण्याच्या वर येऊन गोल फिरू लागते, दोरीला पीळ पडतो आणि मासा जवळ येत नाही. हा वेग चार-चार तास एकसारखा ठेवायचा असतो. मोटरची खरी परीक्षा इथे होते.

पुरातल्या शोधकार्यातही हेच लागते. बुडालेल्या गल्लीतून, विजेच्या तारांखालून, छपरांच्या कडेने बोट नेताना कोणी पळवत नाही. तिथेही बोट चालण्याच्या वेगानेच न्यावी लागते, आणि मोटर मध्येच बंद पडून चालत नाही.

किती अश्वशक्ती लागते?

थोडे गणित करू. तीन माणसे बसलेली सोळा फुटी हलकी होडी घ्या. शांत पाण्यात ताशी 4 किलोमीटरने जाताना तिला पाण्याचा विरोध साधारण 100 न्यूटन होतो असे धरू. ताशी 4 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 1.11 मीटर. विरोध गुणिले वेग, म्हणजे 111 वॅट. मोटरच्या पंख्यापर्यंत पोहोचलेल्या शक्तीपैकी साधारण 40 टक्केच होडीला ढकलण्याच्या कामी येते असे मानले, तरी लागणारी शक्ती 280 वॅटच्या आतच राहते. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणजे हळू ओढीसाठी अर्धी अश्वशक्तीसुद्धा लागत नाही.

मग 4 किंवा 6 अश्वशक्तीची मोटर कशाला? कारण वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. तीच होडी ताशी 8 किलोमीटरने न्यायची तर सुमारे 3 अश्वशक्ती लागते. त्यापुढे आणखी एक मर्यादा येते. होडी पाणी कापत जाते तेव्हा स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी 16 फूट असेल तर ही मर्यादा सुमारे 5.4 नॉट, म्हणजे ताशी 10 किलोमीटरच्या आसपास येते. पाण्यावर उचलून घसरत जाणारी खास बांधणी नसेल, तर या वेगापुढे जास्त अश्वशक्ती लावून फक्त पेट्रोल जळते आणि मागे मोठी लाट उठते.

जास्तीची शक्ती लागते ती परतीसाठी. कोकणातल्या खाडीच्या मुखाचे उदाहरण घ्या. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे वारा वाढतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर खाडीचे पाणी बाहेर धावत असते. वारा आत, पाणी बाहेर, अशा वेळी मुखाशी उभ्या, तुटक लाटा उठतात. पाणी ताशी 4 किलोमीटरने बाहेर येत असेल आणि तुमची होडी जास्तीत जास्त ताशी 6 किलोमीटरच जाऊ शकत असेल, तर किनाऱ्याच्या दिशेने तुम्ही तासाला दोनच किलोमीटर सरकता. लाटांचा मार धरला तर तेवढेही नाही. हीच होडी ताशी 9 किलोमीटर जाऊ शकली तर पाच किलोमीटर सरकते. सकाळच्या शांत पाण्यासाठी नव्हे, तर या दुपारसाठी मोटर निवडायची.

यावरून ढोबळ हिशेब असा मांडता येतो. तलावात किंवा गोमतीसारख्या संथ नदीत दहा-बारा फुटी होडीला 2.5 ते 4 अश्वशक्ती पुरेशी आहे. किनाऱ्याजवळच्या समुद्रात सोळा-अठरा फुटी होडीला 6 ते 9.9 अश्वशक्ती योग्य. त्याहून मोठी मोटर घेतली तर ती फार हळू चालवता येत नाही, आणि कमी फेऱ्यांवर तासन्‌तास ठेवली तर तिच्यात काजळी धरते. म्हणूनच मोठ्या होडीवर दोन मोटरी ठेवण्याची पद्धत आहे, एक पल्ला गाठायला मोठी आणि एक गरवायला छोटी. मोठी बंद पडली तर छोटी घरी आणते. मात्र दोघींच्या इंधनाच्या टाक्या वेगळ्या हव्यात. एकाच टाकीतले पेट्रोल खराब निघाले तर दोन्ही मोटरी एकदमच बंद पडतील.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत 1909 मध्ये आउटबोर्ड मोटर बाजारात आणली. ती दीड अश्वशक्तीची होती आणि वजन जवळजवळ 28 किलो. आज 2.5 अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटर 13-14 किलोची मिळते. मधल्या काळात बहुतेक छोट्या मोटरी टू-स्ट्रोक होत्या आणि आजही जुन्या होड्यांवर त्या दिसतात.

टू-स्ट्रोक मोटर हलकी, साधी, गावातल्या मेकॅनिकला दुरुस्त करता येणारी. पण तिच्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. कमी फेऱ्यांवर हा दोष वाढतो. तासभर हळू चालवले की प्लग तेलकट होतो, मोटर अडखळते, धूर होडीत येतो आणि पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो.

फोर-स्ट्रोकमध्ये तेल वेगळ्या खणात असते. ती कमी फेऱ्यांवर शांत आणि एकसारखी चालते, पेट्रोल कमी पिते. हळू ओढीसाठी तीच निवडावी. वजन थोडे जास्त असते आणि स्कूटरप्रमाणे ठरल्या वेळी तेल बदलावे लागते. बाजारात 4, 5 आणि 6 अश्वशक्तीच्या मोटरी बऱ्याचदा एकाच सिलिंडरच्या, एकाच आकाराच्या असतात आणि वजनही 25 ते 27 किलोच्या घरात असते. तेव्हा होडीची परवानगी असेल आणि किमतीत फार फरक नसेल तर 6 ची घेणे शहाणपणाचे. 9.9 अश्वशक्तीच्या मोटरीला सहसा दोन सिलिंडर असतात, त्यामुळे ती हळू चालताना कमी थरथरते. पण तिचे वजन 37 किलोच्या पुढे जाते.

फोर-स्ट्रोकसुद्धा तासन्‌तास मंद चालवली तर थोडे पेट्रोल तेलात उतरू शकते. म्हणून दर अर्ध्या तासाने दोऱ्या आत घेऊन दोन मिनिटे मोटर मोकळी पळवावी, आणि घरी आल्यावर तेलाची पट्टी बघावी. पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला तर तेल बदलावे.

पंखा आणि गिअर

प्रोपेलरला आपले मच्छीमार पंखा म्हणतात. पंख्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पंखा स्क्रूसारखा घट्ट माध्यमात एक फेरी फिरला तर किती पुढे जाईल ते अंतर. हळू चालण्याचा किमान वेग याच आकड्यावरून काढता येतो.

समजा, गिअरमध्ये टाकल्यावर मोटर कमीत कमी मिनिटाला 1000 फेऱ्या मारते आणि गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्या, म्हणजे 500 फेऱ्या फिरतो. पिच 8 इंच, म्हणजे 20.3 सेंटिमीटर. मिनिटाला सुमारे 101.6 मीटर, तासाला 6.1 किलोमीटर. पाणी घट्ट नसते, पंखा त्यात घसरतो. ही घसरण 30 टक्के धरली तर वेग ताशी 4.3 किलोमीटर. तोच हिशेब 6 इंच पिचचा केला तर ताशी 3.2 किलोमीटर येतो. म्हणजे फक्त पंखा बदलून होडी ताशी किलोमीटरभर हळू झाली. मोठा व्यास आणि कमी पिच असलेला पंखा वेग देत नाही, जोर देतो. ओझे घेऊन लाटेतून जाताना हाच जोर कामी येतो.

एवढे करूनही होडी जोरात जात असेल तर मागे पाण्यात कापडी बादली किंवा शंकूच्या आकाराची पिशवी सोडून तिला आवरतात. पिशवीची दोरी पंख्यापर्यंत पोहोचणार नाही इतकी आखूड ठेवावी.

मागची फळी, लांबी आणि ओझे

होडीच्या मागच्या ज्या उभ्या फळीवर मोटर बसते तिला ट्रान्सम म्हणतात. मोटरीच्या दांड्याची लांबी या फळीच्या उंचीशी जुळायला हवी. आखूड दांडा सुमारे 15 इंचांचा, लांब दांडा 20 इंचांचा. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली असावी. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा उघडा पडतो, हवा खातो आणि मोटर किंचाळते पण होडी जात नाही. लांब पडला तर उथळ पाण्यात खडक आणि वाळू लागते. दुकानात जाण्यापूर्वी फळी मोजून कागदावर लिहून न्यावी.

वजनही आधीच जोडावे. मोटर, भरलेली टाकी आणि मोटर चालवणारा माणूस, तिघेही मागेच असतात. छोट्या होडीचे मागचे टोक त्यामुळे इतके खाली जाते की मागून आलेली लाट सरळ आत येते. मोटर जोरदार आहे म्हणून होडीत जास्त माणसे बसत नाहीत. होडी किती भार पेलते हे तिची बांधणी ठरवते, मोटर नव्हे. 8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी, क्षमतेपेक्षा जास्त माणसे असलेली बोट उलटली आणि अनेक जण बुडाले. पुराच्या घाईत "आणखी दोघे घ्या" असे म्हणणारे बरेच असतात. नाही म्हणण्याची जबाबदारी सुकाणूवर बसलेल्याची असते.

लाल दोरी

प्रत्येक नव्या मोटरीबरोबर एक लाल, पिळदार दोरी येते. तिचे एक टोक मोटरीच्या बटणात अडकवतात, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जाकिटाला. माणूस पडला की दोरी निघते आणि मोटर बंद होते. होडी हळूच चालली आहे, मग दोरी कशाला, असे अनेकांना वाटते. आता एक हिशेब करा. तरणतलावात 100 मीटर दोन मिनिटांत पोहणारा कॅडेट ताशी 3 किलोमीटरने पोहतो. होडी ताशी 4 किलोमीटरने चालली आहे. म्हणजे हळू चालणारी होडीसुद्धा त्याच्यापासून दर मिनिटाला सतरा मीटर लांब जाते, आणि अंगावर भिजलेले कपडे असतील तर आणखी लांब. एकटा माणूस पडला तर तो आपलीच होडी गाठू शकत नाही. शिवाय सुटलेली मोटर वळून होडीला गोल फिरवू शकते, आणि मंद फिरणारा पंखाही बोटे आणि पाय कापतो.

म्हणून मोटर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. लाल दोरी आहे का? गिअरमध्ये असताना मोटर सुरू होऊ नये अशी सोय आहे का? आणि पुढे, मोकळी, मागे असे तिन्ही गिअर आहेत का? सर्वांत छोट्या काही मोटरींना मागचा गिअर नसतो, मोटर पूर्ण फिरवून होडी मागे घ्यावी लागते. गरीला मोठा मासा लागला की दोरी पंख्याकडे जाते. त्या क्षणी मोटर पटकन मोकळ्या गिअरवर आणता आली पाहिजे. जाकीट तर प्रत्येकाच्या अंगावर हवेच, होडीच्या पेटीत नव्हे.

विजेची मोटर चालेल का?

तलावासाठी उत्तम. आवाज नाही, धूर नाही, वेग हवा तितका कमी करता येतो. पण बॅटरीचा हिशेब करा. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे 1200 वॅट-तास. साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मेच घ्यावे, म्हणजे 600. मोटर 300 वॅट घेत असेल तर दोन तास. वेग ताशी 4 वरून 3 किलोमीटरवर आणला तर शक्ती निम्म्याहून कमी लागते आणि तीच बॅटरी चार तासांच्या पुढे जाते. वाऱ्याविरुद्ध परतायचे झाले तर मात्र ती लवकर संपते. म्हणून उघड्या समुद्रात फक्त विजेच्या मोटरीवर जाऊ नये.

इंधन, पाणी आणि रेल्वेचे पार्सल

हळू ओढीत 4 ते 6 अश्वशक्तीची मोटर तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते. तरी नियम एकच. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. आज आपल्या पंपांवर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर अनेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी लिहिलेली असते. घेण्यापूर्वी विक्रेत्याला हे स्पष्ट विचारा आणि पुस्तिकेतले पान दाखवायला सांगा. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवू नका, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा आणि मोटर ठेवून देण्यापूर्वी कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पावसाळ्यानंतर मोटर सुरू न होण्याचे कारण बऱ्याचदा या दोन महिन्यांत टाकीत सडलेले पेट्रोल असते.

पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीच्या बाजूने पाण्याची बारीक धार येत असते. सुरू केल्यावर पहिली नजर या धारेवर हवी. धार थांबली तर मोटर लगेच बंद करा. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने आतून धुणे चुकवू नका, नाहीतर मीठ आतल्या वाटा बुजवते.

मोटर रेल्वेने न्यायची असेल तर चारबागला मोटारसायकल पार्सल करताना जे करावे लागते तेच इथेही करा, टाकी आणि नळ्या पूर्ण कोरड्या करा. फोर-स्ट्रोक मोटर आडवी ठेवायची बाजू ठरलेली असते. चुकीच्या कुशीवर ठेवली तर तेल सिलिंडरमध्ये जाते. मोटरीचा क्रमांक आणि पावती जपून ठेवा, मासेमारीच्या होडीची नोंदणी आणि परवाना पूर्ण करा. 26 नोव्हेंबर 2008 रोजी कुलाब्याच्या बधवार पार्कजवळ दहशतवादी ज्या रबरी होडीतून उतरले तिच्यावरही आउटबोर्ड मोटरच होती, आणि तपासात त्या मोटरीचा माग पाकिस्तानातल्या विक्रीपर्यंत काढला गेला. किनाऱ्यावर प्रत्येक मोटरीची ओळख पटणे का गरजेचे आहे, हे यावरून कळते.

पैसे देण्यापूर्वी

शक्य असेल तर मोटर पाण्यात चालवून बघा. थंड मोटर किती ओढींत सुरू होते ते मोजा. गिअरमध्ये टाकून सर्वांत कमी फेऱ्यांवर वीस मिनिटे सोडा, ती अडखळता कामा नये. मग मोबाईलवर वेग बघा, एकदा प्रवाहाबरोबर, एकदा प्रवाहाविरुद्ध. खाली जाताना 5.5 आणि वर येताना 2.5 आला तर होडीचा पाण्यातला वेग 4 आणि प्रवाहाचा 1.5. आमिषाला होडीचा पाण्यातला वेगच कळतो, मोबाईलवरचा नव्हे. शेवटी पूर्ण भार घेऊन, वाऱ्याविरुद्ध, पूर्ण जोराने चालवा. तो आकडा तुमच्या परतीचा आहे.

पालकांनी एवढेच लक्षात ठेवावे की मोटर घेताना वाचवलेले पैसे जाकिटे, लाल दोरी, वल्ही आणि नांगर यांत घालायचे असतात. मोटर कितीही चांगली असली तरी होडीत वल्ह्यांची एक जोडी हवीच. आणि कॅडेट मित्रांनो, हळू चालवायला शिका. जो होडी चालण्याच्या वेगाने, सरळ रेषेत, तासभर ठेवू शकतो, त्याच्या हाती पुराच्या पाण्यात माणसांनी भरलेली बोट निर्धास्तपणे देता येते.